रात्रीचा फोन आणि खाटेजवळची पाच मिनिटं: रेसिडेंटवर देखरेख ठेवायला शिक्षकांना कसं शिकवावं?

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहयोगी प्राध्यापक मॅडमनी विचारलंय: "शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या मेडिकल एज्युकेशन युनिटची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. आमच्या बहुतेक शिक्षकांचा शिकवण्याच्या पद्धतींचा बेसिक कोर्स झालेला आहे. तरी रात्री वॉर्डात रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारे, म्हणजे पीजी डॉक्टर) एकटेच असतात, कुठली प्रोसीजर कुणी कुणासमोर केली याचा पत्ता नसतो आणि लॉगबुकवर (केलेल्या कामाच्या नोंदवहीवर) महिन्याच्या शेवटी गठ्ठ्यानं सह्या होतात. डीन सर म्हणतात, देखरेखीवर दोन दिवसांची कार्यशाळा घ्या. त्यात काय ठेवू?"

मॅडम, सलग दोन दिवसांची कार्यशाळा घेऊ नका. डीन सरांकडून तेवढाच वेळ मागून घ्या, पण तो तुकड्यातुकड्यानं वापरा. अर्धा दिवस सुरुवातीला सगळे एकत्र, आणि उरलेला वेळ पुढच्या तीन महिन्यांत वॉर्डात, ओपीडीत, ओटीत (शस्त्रक्रियागृहात), शिक्षक रेसिडेंटबरोबर प्रत्यक्ष काम करत असताना. मी मेडिसिनचा शिक्षक आहे. पंचवीसहून अधिक वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी एज्युकेशन युनिटच्या कामात गेली. सुरुवातीला मीही कार्यशाळाच घेतल्या. शिक्षक मनापासून भाग घ्यायचे, चार्ट पेपरवर सुंदर मुद्दे काढायचे, आणि सोमवारचा राउंड होता तसाच व्हायचा. यात दोष त्यांचा नव्हता. ज्या ठिकाणी ते काम करतात तिथं त्यांना काम करताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

बेसिक कोर्सला मी नावं ठेवणार नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, तेव्हा उद्दिष्टं कशी लिहायची, ओस्की (टप्प्याटप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा) कशी बसवायची, कौशल्य आधी दाखवा-मग पाहू द्या-मग मदतीला घ्या-मग करू द्या या क्रमानं कसं शिकवायचं, हे देशभरातल्या हजारो शिक्षकांनी त्याच कोर्समध्ये समजून घेतलं. पण तो कोर्स शिकवण्याचा आहे. देखरेख हे वेगळं काम आहे. वर्गात विद्यार्थी चुकला तर उत्तर चुकतं. वॉर्डात रेसिडेंट चुकला तर खाटेवरच्या माणसाला भोगावं लागतं. तिथल्या शिक्षकाला एकाच क्षणी दोन जबाबदाऱ्या पेलायच्या असतात: हा रुग्ण आत्ता सुखरूप राहिला पाहिजे, आणि समोरचा डॉक्टर उद्या माझ्याशिवाय हे करू शकला पाहिजे. फक्त पहिली पाहिली तर शिक्षक सगळं स्वतःच करून मोकळा होतो आणि रेसिडेंट तीन वर्षं केस पेपर लिहीत राहतो. फक्त दुसरीकडे पाहिलं तर "कर रे, येईल तुला" म्हणून रुग्ण वाऱ्यावर सोडला जातो. या दोन्हींच्या मधलं अंतर दर वेळी नव्यानं मोजावं लागतं, आणि ते मोजायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आपल्या सरांनी आपल्याला जसं वागवलं, तसंच आपण पुढच्यांना वागवतो.

या विषयाचा इतिहास सांगताना मी नेहमी न्यूयॉर्कची एक घटना सांगतो, कारण तिचा अर्धाच धडा आपल्याकडे पोचलाय. मार्च १९८४मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी ताप आणि अस्वस्थपणा घेऊन रात्री रुग्णालयात दाखल झाली. तिला पाहणारे दोघंही शिकाऊ डॉक्टर होते. वरिष्ठ डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, ते आले नाहीत. ती नैराश्यावरचं फेनेल्झिन घेत होती, त्यावर तिला पेथिडिन हे वेदनाशामक दिलं गेलं (ही दोन औषधं एकत्र देणं धोक्याचं असतं). रात्री ती जास्तच बेचैन झाली तेव्हा बांधून ठेवण्यात आलं, सकाळी ताप प्रचंड चढला आणि ती गेली. पुढे डॉ. बर्ट्रांड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८९मध्ये न्यूयॉर्क राज्यानं रेसिडेंटच्या कामाचे तास आठवड्याला सरासरी ८०वर आणले. जगभर तासांचीच चर्चा झाली. बेल स्वतः मात्र नंतरही लिहीत राहिले की खरा मुद्दा तासांचा नसून देखरेखीचा आहे, आणि वरिष्ठ डॉक्टर रुग्णालयात हजर असण्याची अटही त्याच नियमांत होती.

आपल्याकडेही तेच झालं. १९९२च्या केंद्राच्या निर्देशात आठवड्याला ४८ तास होते, २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं ७४ तासांची मर्यादा सुचवली. तासांसाठी आंदोलनं झाली, आणि ती व्हायलाच हवी होती, कारण ३६ तास जागा असलेला माणूस काही शिकत नाही. पण रात्री दोन वाजता रेसिडेंटच्या पाठीशी कोण उभं आहे, या प्रश्नावर आंदोलन झालेलं मला आठवत नाही.

म्हणून माझ्या अर्ध्या दिवसाची सुरुवात रात्रीच्या फोननं होते. का, ते सांगतो.

मी लेक्चरर होतो तेव्हाची गोष्ट. कीटकनाशक (ऑर्गनोफॉस्फरस) प्यायलेला एक तरुण शेतकरी, ॲट्रोपिन हा उतारा चालू, दाखल होऊन तिसरी रात्र. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा अडीच वाजता फोन आला. "सर, ऑर्गनोफॉस्फरसचा पेशंट. ॲट्रोपिन चालू आहे. पण तो मला जरा वेगळा वाटतोय." मी झोपेतून विचारलं: डोळ्यांच्या बाहुल्या? ठीक. छाती? स्वच्छ. घाम? नाही. पल्स? चांगली. म्हणालो, "मग ॲट्रोपिन आहे तसंच चालू ठेव, सकाळी बघू." ती म्हणाली, "ओके सर." साडेपाचला त्याचा श्वास थांबला. सिस्टरांच्या लक्षात आलं, ॲनेस्थेशियाचा रेसिडेंट धावत आला, श्वासनलिकेत नळी पडली, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर राहून तो माणूस घरी गेला. मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे होण्याचा तो प्रकार होता, विष घेतल्यानंतर साधारण एक ते चार दिवसांत येणारा, ज्याला ॲट्रोपिनचा उपयोग नसतो. सगळ्यात आधीची खूण अशी की रुग्णाला उशीवरून डोकं उचलता येत नाही.

दोन दिवसांनी ती रेसिडेंट मला म्हणाली, "सर, त्याला डोकं उचलता येत नव्हतं. मला ते दिसलं होतं. पण ते महत्त्वाचं आहे का, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तिनं तिचं काम केलं होतं. तिला काहीतरी खटकलं आणि तिनं वरिष्ठाला उठवलं. मी चार प्रश्न विचारले, ते चारही माझ्या डोक्यातल्या आजाराचे होते. "वेगळा वाटतोय म्हणजे काय? तुला कशाची धास्ती वाटतेय?" हा एक प्रश्न विचारला असता तर ती मानेचं बोलली असती आणि मी गाडी काढली असती. हे मी दर बॅचला सांगतो. शिक्षकांच्या समोर शिक्षकानं आपली चूक उघड केली की मग खोलीतले बाकीचे आपापल्या रात्री आठवायला लागतात. मॅडम, तुमच्याकडेही सुरुवात कुण्या ज्येष्ठानं अशी केली तर फार बरं होईल.

त्यानंतर फोनचा सराव. दोन शिक्षक पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात केस पेपर, तो पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. त्या कागदावर एक गोष्ट अशी असते की ती थेट विचारल्याशिवाय किंवा मोकळा प्रश्न आल्याशिवाय सांगायची नाही. दुसरा घरी झोपलेला कन्सल्टंट, म्हणजे त्या रात्रीचा जबाबदार वरिष्ठ डॉक्टर. तिसरा शेजारी बसून फक्त ऐकतो आणि लिहून घेतो: पहिलं वाक्य काय होतं, किती प्रश्न हो-नाहीचे होते, रेसिडेंटला स्वतःचं मत मांडायला मिळालं का, आणि फोन ठेवताना "कुठली गोष्ट झाली तर मला परत उठवायचं" हे ठरलं का. चार मिनिटं फोन, आठ मिनिटं बोलणं, मग भूमिका बदला. केस साध्याच घ्या, तुमच्या भागात रोज येणाऱ्या: सर्पदंश, डेंग्यूतलं घसरतं बीपी, बाळंतिणीचा न थांबणारा रक्तस्राव, डायबेटिक किटोॲसिडोसिस. पाठीला पाठ लावायचं कारण इतकंच की फोनवर चेहरा दिसत नाही. आवाजातली चाचपड तेवढी ऐकू येते आणि ती ऐकायला शिकावं लागतं.

पहिल्या वाक्याकडे विशेष लक्ष द्या. "एवढ्यासाठी फोन केलास?" किंवा "एवढंही कळत नाही का?" हे वाक्य एका रेसिडेंटला ऐकवलं की सकाळपर्यंत ते सगळ्या होस्टेलला कळतं, आणि त्या शिक्षकाला पुढे वर्षभर फोन येत नाहीत. त्यांना वाटतं आपल्या ड्यूटीला रात्री शांत जातात. मी शिक्षकांना एकच वाक्य पाठ करायला सांगतो, "बरं केलंस फोन केलास, सांग." ते झोपेत, वैतागात, प्रवासातही तोंडातून आपोआप निघालं पाहिजे, इतकं घोटून घ्यायचं.

त्याच दिवशी प्रत्येक विभागाकडून एक यादी लिहून घ्या: या गोष्टी घडल्या तर रेसिडेंटनं विचार न करता फोन करायचाच. आमच्या यादीत अशा आहेत: नळी घालावी लागली, आयसीयूत हलवावं लागलं, शुद्ध हरपत चालली, पहिला फ्लुइड देऊनही सिस्टॉलिक (वरचं) बीपी ९०च्या वर येत नाही, रक्त चढवताना रिॲक्शन आली, अनपेक्षित मृत्यू, गंभीर रुग्णाचे नातेवाईक घेऊन जायला निघालेत, आणि ज्या प्रोसीजरची परवानगी स्वतःला मिळालेली नाही ती करायची वेळ आली. ही यादी ड्यूटी बोर्डावर, त्या रात्रीच्या कन्सल्टंटच्या नाव-नंबरासह. यादीचा फायदा असा की "फोन करू की नको" हा निर्णय घाबरलेल्या मुलाच्या माथी राहत नाही. सिस्टरांनाही ही यादी द्या. कितीदा तरी त्यांनीच रेसिडेंटला "डॉक्टर, सरांना कळवा" म्हणून वाचवलेलं मी पाहिलंय. ओव्हर (ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती) देण्या-घेण्याचं ठरावीक वळण असलं की काय फरक पडतो हे अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांतल्या आय-पास अभ्यासात २०१४मध्ये दिसलं होतं: वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. तेव्हा ओव्हरचा नमुनाही याच दिवशी ठरवून टाका.

आता दुसरा भाग, पाहणं. हा सगळ्यात अवघड जातो.

आपण राउंडला रेसिडेंटकडून हिस्टरी ऐकतो, ती त्यानं कशी घेतली हे पाहत नाही. पोट तपासल्यावर काय सापडलं हे ऐकतो, हात कुठे ठेवला होता हे पाहत नाही. एक प्रसंग सांगतो. मेंदूज्वराचा संशय असलेला मुलगा, लंबर पंक्चर करायचं होतं. सकाळच्या राउंडला रेसिडेंट म्हणाला, "सर, एलपी नाही झाली, रिलेटिव्ह नॉट विलिंग." युनिटमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं आणि आपण पुढच्या खाटेकडे जातो. त्या दिवशी मी म्हटलं, माझ्यासमोर परत एकदा बोल त्यांच्याशी, मी मध्ये बोलणार नाही. तो मुलाच्या वडिलांना म्हणाला, "पाठीतलं पाणी काढून तपासायचंय, इथं सही करा." वडील मान खाली घालून गप्प. तो म्हणाला, "सही नाही केली तर आमची जबाबदारी नाही." वडील आणखी गप्प. एवढ्यात तो माझ्याकडे वळला: बघा सर, तयारच नाहीत.

आपल्याकडे गावोगाव लोकांची पक्की समजूत आहे की पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो. कुणाच्या तरी मामाचं असं झालेलं असतं. खरं तर तो आजारानंच गेलेला असतो, पण सुई शेवटची आठवते. मी रेसिडेंटला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "त्यांना कशाची भीती वाटतेय, हे तुला माहितीये का?" तो परत गेला आणि वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांना तेच विचारलं. ते बोलायला लागले. वीस मिनिटांत सही झाली. आधीची रात्र मात्र वाया गेली होती, आणि मेंदूज्वरात रात्र वाया जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मी रोज राउंड घेत होतो, पण त्या रेसिडेंटला नातेवाइकांशी बोलताना सात महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं होतं.

मिनी-सीईएक्स म्हणून जे साधन आपण पीजीच्या मूल्यमापनात वापरतो, त्याचा गाभा एवढाच आहे: पंधरा-वीस मिनिटं प्रत्यक्ष पाहा आणि लगेच बोला. आपल्याकडे तो फॉर्म बसल्या जागी भरला जातो. शिक्षकांना फॉर्म शिकवू नका, गप्प बसायला शिकवा. सरावासाठी पाच मिनिटांचं घड्याळ लावा. रेसिडेंट रुग्ण तपासतोय, शिक्षक खाटेच्या पायथ्याशी, हात मागे बांधून. बोलायचं नाही, मान हलवायची नाही. अपवाद एकच, रुग्णाला इजा होण्याची शक्यता. माझ्या अनुभवात तिसऱ्या मिनिटाच्या पुढे बहुतेक जण टिकत नाहीत. कुणी स्टेथोस्कोप ओढून घेतं, कुणी नातेवाइकांना स्वतःच समजवायला लागतं. दोन-तीनदा केल्यावर जमतं, आणि मग शिक्षकच येऊन सांगतात की चार वर्षांत दिसलं नव्हतं ते आज दिसलं.

पाहून झालं की बोलणं. फीडबॅकवर भरपूर लिहिलं गेलंय. १९८३मध्ये जॅक एंडे यांनी लिहिलेला लेख आजही वाचावा असा आहे. पण आधी चांगलं सांगा, मग वाईट, मग पुन्हा चांगलं, हे सँडविच आपल्या मुलांना तोंडपाठ झालंय. "छान केलंस" ऐकलं की ते "पण"ची वाट पाहतात. त्यापेक्षा तीन साधी वाक्यं द्या: मी काय पाहिलं, त्याचा रुग्णावर काय परिणाम झाला, पुढच्या वेळी तू काय करून बघशील. "कम्युनिकेशन सुधार" यात त्या मुलाला काय करायचं ते कळत नाही. "तू उभ्यानं बोललास, भीती काय आहे ते विचारलं नाहीस, ते गप्प झाले; उद्या बसून आधी विचार" यात कळतं. कार्यशाळेत शिक्षकांना त्यांच्याच जुन्या लॉगबुकातले शेरे आणायला सांगा. "गुड", "सॅटिस्फॅक्टरी", "नीड्स इम्प्रूव्हमेंट". त्यातला एक शेरा या तीन वाक्यांत पुन्हा लिहायचा. बरेच जण लिहू शकत नाहीत, कारण पाहिलेलंच नसतं, आणि ते त्यांचं त्यांनाच कळतं.

एक गोष्ट मी कळकळीनं सांगतो. राउंडला, रुग्णांच्या आणि इंटर्नच्या देखत रेसिडेंटचा पाणउतारा करणं याला आपल्याकडे अजून शिस्त म्हणतात. "आम्हीही असेच शिकलो" असं त्याचं समर्थन होतं. माझ्यासमोर ज्यांचा पाणउतारा झाला, त्यातले बहुतेक जण त्या दिवसापासून चुका लपवायला शिकले. सोडियमचा रिपोर्ट पाहायचा राहिला असेल तर ते "पाठवलाय सर" म्हणतात. देखरेख करणाऱ्याला खरी माहिती मिळाली नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे. चूक सांगायचीच, स्पष्ट सांगायची, पण चार भिंतींच्या आत आणि त्याच दिवशी. आणि त्याला समजेल अशा भाषेत: अखिल भारतीय कोट्यातून आलेली मुलं आता प्रत्येक युनिटमध्ये आहेत, मराठीतली बारीक छटा त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ओपीडीसाठी शिक्षक नेहमी म्हणतात, दीडशे पेशंट आहेत, कधी शिकवू? तिथे १९९२पासून वापरात असलेली पाच पायऱ्यांची पद्धत पुरते: तुला काय वाटतं, कशावरून वाटतं, एक नियम सांगा, जमलेलं नेमकं सांगा, चुकलेलं दुरुस्त करा. तिचं नाव एक मिनिटाचं असलं तरी दोन-तीन मिनिटं लागतात. सकाळभरात दोनच रुग्णांबाबत करा. जास्त सांगत बसत नाही, करून पाहा.

तिसरा भाग, किती मोकळीक द्यायची. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधत आणि दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात असे. पोर हात मारायला लागलं की दोर सैल, गटांगळी खाल्ली की ताण. ओले टेन केट या डच शिक्षणतज्ज्ञांनी २००५मध्ये विश्वासानं काम सोपवण्याची जी कल्पना मांडली, ती मला या दोरासारखीच वाटते. तिच्या पाच पायऱ्या आहेत: फक्त पाहणं, वरिष्ठ शेजारी असताना करणं, वरिष्ठ हाकेच्या अंतरावर असताना करणं, स्वतंत्रपणे करणं, आणि दुसऱ्यावर देखरेख करणं.

आपली चूक ही होते की आपण दोर वर्षाप्रमाणे सोडतो. जेआर वन (पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट) आहे म्हणजे येत नाही, जेआर थ्री आहे म्हणजे येतं. खरं तर दोर कामाप्रमाणे सुटायला हवा. एखादी मुलगी दुसऱ्या वर्षात असायटिक टॅप (पोटातलं पाणी काढणं) एकटी करेल आणि सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत नळी घालायला) मात्र तिच्या शेजारी उभंच राहावं लागेल. म्हणून वॉर्डात एक तक्ता लावा: आडवी नावं, उभ्या दहा प्रोसीजर, चौकटीत एक ते पाच आकडा, शेजारी शिक्षकाची सही आणि तारीख. प्रत्यक्ष पाहिलेल्यानंच सही करायची. रात्री सिस्टरला एका नजरेत दिसतं की आज ड्यूटीवरच्या डॉक्टरला काय एकट्यानं करता येतं. महिन्याच्या शेवटी गठ्ठ्यानं होणाऱ्या सह्याही यामुळे आपोआप कमी होतात, कारण आकडा बदलल्याशिवाय रेसिडेंटला पुढचं काम मिळत नाही, आणि तो स्वतःच शिक्षकाला ओढून आणतो.

आणि हे विसरू नका की रात्री जेआर वनवर देखरेख करणारा माणूस प्राध्यापक नसतो. तो जेआर थ्री असतो, नाहीतर सीनियर रेसिडेंट. आपण प्रशिक्षण देतो प्राध्यापकांना. तुमच्या बॅचमध्ये एक तृतीयांश जागा चीफ रेसिडेंट आणि सीनियर रेसिडेंटसाठी ठेवा. ज्युनियरला रगडणं म्हणजे तयार करणं, ही समजूत तिथेच मोडायला हवी. रॅगिंगविरोधी नियम २०२१पासून कडक झालेत, पण शिक्षा म्हणून जादा ड्यूटी लावणं अजून ठिकठिकाणी "ट्रेनिंग"च्या नावाखाली चालतं. जो ज्युनियर चीफला घाबरतो, तो रात्री चीफला उठवणार नाही.

तसंच जिल्हा निवासी कार्यक्रमात तुमचे पीजी तीन महिने जिल्हा रुग्णालयात जातात. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांवर देखरेखीची जबाबदारी येते, पण शिक्षक-प्रशिक्षणाचं निमंत्रण त्यांना कुणी देत नाही. त्यांना बोलवा. सर्पदंश आणि बाळंतपणातली गुंतागुंत त्यांच्याइतकी आपण पाहत नाही. फोनच्या सरावातल्या उत्तम केस मला त्यांनीच दिल्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे क्रेडिट तासांसाठी अर्जही वेळेत करा. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० तास प्रत्येकालाच हवे असतात, तेवढ्यानं येणारे चार जण वाढतात.

आता त्या तीन महिन्यांबद्दल, कारण खरं प्रशिक्षण तेच आहे. शिक्षकांच्या जोड्या लावा, शक्यतो वेगवेगळ्या विभागांतल्या. मेडिसिनवाल्यानं सर्जरीच्या ओटीत जावं, बालरोगवाल्या मॅडमनी मेडिसिनच्या राउंडला यावं. महिन्यातून दोनदा, अर्धा तास. पाहणाऱ्यानं विषयाकडे लक्ष द्यायचं नाही, देखरेखीकडे द्यायचं. त्यानं कागदावर तीनच ओळी लिहायच्या: काय पाहिलं, रेसिडेंटला त्यातून काय मिळालं, एक प्रश्न. हा कागद दोघांतच राहील, एचओडी (विभागप्रमुख) किंवा डीनकडे जाणार नाही, हे डीन सरांकडून लेखी घ्या. एकदा जरी तो गोपनीय अहवालाला जोडला गेला तर हा उपक्रम त्याच दिवशी संपला असं समजा.

पहिल्यांदा माझा राउंड पाहायला बालरोगच्या एक ज्येष्ठ मॅडम आल्या होत्या. मला वाटलं होतं, माझा राउंड चांगला होतो. मुलं लिहून घेतात, हसतात. त्यांनी कागदावर लिहिलं: "चाळीस मिनिटांत रेसिडेंट मिळून पाच मिनिटं बोलले. तीन क्रमांकाच्या खाटेवर तिसऱ्या वर्षाचा मुलगा काहीतरी सांगायला दोनदा पुढे झाला, तुमचं बोलणं संपलं नाही म्हणून मागे सरला. त्याला काय सांगायचं होतं?" मी त्या मुलाला शोधून विचारलं. त्या रुग्णाची लघवी रात्रीपासून कमी झाली होती. अशी एक ओळ दहा व्याख्यानांतून मिळाली नसती.

अडचणींबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. ज्या युनिटमध्ये मंजूर पदं रिकामी आहेत, दोनच शिक्षक आहेत आणि त्यातला एक बदलीच्या वाटेवर आहे, तिथे प्रशिक्षणानं फारसं साधणार नाही. आधी रात्रीचं रोस्टर भरा. चेहरा दाखवून हजेरी लागली म्हणजे शिक्षक महाविद्यालयात आला एवढंच सिद्ध होतं, खाटेजवळ पोचला हे नाही. अशा विभागाला पहिल्या फेरीत घेऊ नका. त्यांची पदं भरण्यासाठी मात्र डीन सरांकडे हाच विषय घेऊन जा, "रात्री देखरेख कोण करणार" असं लिहून. सुरुवात दोन इच्छुक युनिटांपासून करा. सगळ्या कॉलेजला एकदम हात घातलात तर सगळीकडे थोडं थोडं होईल आणि कुठेच टिकणार नाही.

शेवटी, उपयोग झाला की नाही हे कसं कळणार? "कार्यशाळा आवडली का" या फॉर्मवरून नाही. ड्यूटी बोर्डाशेजारी एक वही ठेवा: फोन किती वाजता, कशासाठी, कन्सल्टंट आले का, आले तर किती वाजता. दोन महिने आधीपासून ठेवायला लागा, म्हणजे तुलनेला काहीतरी असेल. आणि डीन सरांना आत्ताच सांगून ठेवा की पहिल्या महिन्यात फोन वाढतील. आमच्याकडेही वाढले. दोन सहकारी तक्रार घेऊन आले की या प्रशिक्षणानं मुलं परावलंबी झाली, साध्या गोष्टींना उठवतात. आम्ही वही उघडून एकेक फोन वाचला. काही खरंच साधे होते, ते यादीतून काढले. पण त्यातच एक नोंद होती, रात्री सव्वातीनची, जेआर वनच्या अक्षरात: "पेशंट वेगळा वाटतोय, नक्की सांगता येत नाही. सर ३.५०ला आले."